मागील पानावरून पुढे

दिवेघाटातलं सहा तासांचं चित्रण घेऊन मी काकांच्या एडिटिंगच्या खोलीत आले, तेव्हा पालखी सासवडला मुक्कामी होती. माहितीपट चार दिवसांत द्यायचा होता. काका म्हणाले, "आधी सगळं प्रोरेसमध्ये बदलून घे. रात्रभर लागेल. सकाळी कापायला बस."

रात्रभर! तेवढ्यात माझा पहिला भाग लागला असता. "काका, फाइल सरळ चालतेय की," म्हणत मी एच.२६४चं फुटेज तसंच टाइमलाइनवर ओढलं. ते गप्प राहिले.

पहिले दोन तास बरे गेले. मग थरावर थर चढले तसं चित्र अडखळायला लागलं. एका शॉटमध्ये एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत वळणावर थांबते आणि मान वळवून मागे बघते. तिची पापणी मिटायच्या आत मला कट हवा होता. मी कळ दाबायची, चित्र मागून यायचं. शेवटी अंदाजाने कापलं, आणि तो अंदाज दोन दिवस मनात खुपत राहिला. मोबाइलच्या शॉटचे हाल तर विचारू नका. आभाळ आलं की मोबाइल फ्रेमचा वेग उतरवतो. अभंगात टाळ आधी वाजे, हात नंतर मिटत.

तिसऱ्या रात्री रडू फुटायचं बाकी होतं. काकांनी चहा ठेवला आणि कपाटातून वडिलांच्या दुकानाची जुनी कीर्द काढली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शाईने लिहिलेलं: मागील पानावरून पुढे, आणि रक्कम.

"समज, ही रक्कम फक्त पहिल्या पानावर आहे. पुढे नुसता जमा-खर्च. बाराव्या पानाची शिल्लक सांग."

"पहिल्यापासून बेरीज करावी लागेल."

"तुझा कॅमेरा तेच करतो, बाळा. मधूनच एखादी फ्रेम पूर्ण ठेवतो, बाकीच्यांत काय बदललं तेवढंच. काही तर पुढचं पान बघून लिहिलेल्या. जागा वाचते, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण तू मधेच कात्री घालतेस, मग यंत्र दर वेळी बेरजेला बसतं. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेमची शिल्लक तिच्याच पानावर. आम्ही फिल्म उजेडापुढे धरायचो ना, प्रत्येक चौकट पूर्ण दिसायची, तसं."

"मग चित्रही सुधारेल?"

"नाही. कार्डावर जे उतरलं नाही, ते बदलून येत नाही. आहे ते हाताला लागतं, एवढंच. आणि मूळ फाइली पुसू नकोस."

मी फोन करून एक दिवस मागून घेतला. तासाला ११ जीबी होतं, त्याचं ५५ झालं. साडेतीनशे जीबीसाठी डिस्क रिकामी केली. मोबाइलच्या फाइली एकसारख्या २५ फ्रेमवर आणल्या. रूपांतर लावलं आणि घरी जाऊन झोपले.

सकाळी सगळ्यात आधी आजींचा शॉट उघडला. एक कळ, एक फ्रेम. मान वळली. डोळे वर आले. पापणी अजून उघडी. इथेच कापायचं होतं. सवयीने आणखी दोन कळा पुढे गेले, आणि दिसलं, आजींचे ओठ हलत होते. मागे राहिलेल्या कुणाला तरी त्या हाक मारत होत्या. तीन दिवस तो शॉट माझ्यासमोर होता.

मी कट पुढे नेला, हाक पुरी होईपर्यंत.