छाटणीतला न्याय

सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पंक्तिप्रपंच करू नये, हे आपण लहानपणी जेवणाच्या पानावरच शिकतो. पुढे शाळेत, कचेरीत आणि न्यायालयात तेच तत्त्व भारदस्त शब्दांत भेटत राहते. तथापि एकाच पंक्तीत बसलेल्या दोन वर्षांच्या बाळाला आणि दिवसभर नांगर धरून आलेल्या गड्याला मोजून सारखाच भात वाढणाऱ्या गृहिणीला आपण समदर्शी म्हणू काय? तिच्या हातून पंक्तिप्रपंच घडला नाही हे खरे. पण एक पान उष्टे राहिले आणि एक माणूस अर्धपोटी उठला, हेही तितकेच खरे. समानता आणि न्याय यांच्यातील हे अंतर किती, आणि ते कोणत्या मापाने मोजावे, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा माणसांची उदाहरणे घेऊन करू लागले की लगेच पक्ष पडतात. म्हणून येथे एका वेलीचा आधार घेतो. क्लेमॅटिस हे तिच्या कुळाचे नाव. जगभर पसरलेल्या या कुळात सुमारे तीनशे जाती आहेत. आपल्या सह्याद्रीत पाऊस सरता सरता झुडपांवर पांढऱ्या फुलांचे घोस टाकणारी आणि पुढे फळांना पिसांसारखे तंतू फुटणारी मोरवेल, जिला काही भागांत रानजाई म्हणतात, ती याच कुळातली. मात्र या वेलीला घरोघरच्या बागेत मानाचे स्थान मिळाले ते इंग्लंडसारख्या थंड हवेच्या देशांत. त्यातही आपला वाटा आहे. हिमालयातली मोंटाना ही जात १८३१ साली इंग्लंडला पोहोचली ती माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीच्या हस्ते. पुढे चीन आणि जपानमधल्या जाती तेथे गेल्या, त्यांचे संकर झाले, आणि १८६२ साली वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत गर्द जांभळ्या फुलांची ‘जॅकमनी’ प्रथम फुलली. माझी कन्या काही वर्षे इंग्लंडात वास्तव्यास असल्याने, निवृत्तीनंतर तेथील बागांतून या वेली जवळून पाहण्याचा योग मला आला. फुलांच्या सौंदर्यापेक्षाही माझे लक्ष वेधले ते त्यांच्या छाटणीच्या शास्त्राने.

तेथील बागाईतदार या सर्व वेलींचे तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गातल्या वेली हिवाळ्यात वा वसंतात फुलतात, आणि त्यांचे फूल गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर येते. हिमालयातून गेलेली मोंटाना या वर्गातली. हिला फुलोरा संपल्यावर, आवश्यक तेवढीच कात्री लावायची. दुसऱ्या वर्गात मोठ्या फुलांचे संकर येतात. त्यांचा पहिला बहर जुन्या फांदीवर फुटलेल्या आखूड डिरांवर, वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास येतो, आणि पुष्कळदा दुसरा बहर उन्हाळ्याच्या अखेरीस नव्या वाढीवर. फ्रान्समध्ये १८९७ साली तयार झालेली ‘नेली मोझर’ ही या वर्गातली प्रसिद्ध वेल. हिची छाटणी फेब्रुवारीच्या सुमारास, वाळलेले काढून आणि सशक्त डोळा पाहून, हलक्या हाताने करायची. तिसऱ्या वर्गातल्या वेलींचे फूल त्याच वर्षीच्या कोवळ्या फांदीवर, भर उन्हाळ्यात वा त्यानंतर येते. ‘जॅकमनी’ ही त्यांतली. हिला मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून जेमतेम वीतभर ते हातभर ठेवून निर्दयपणे छाटायचे.

आता असा एक माळी कल्पू या की जो अत्यंत निःपक्षपाती आहे. बागेतल्या सर्व वेली मला सारख्याच, असे म्हणून तो फेब्रुवारीच्या अखेरीस एकाच दिवशी, एकाच उंचीवर, सर्वांना कात्री लावतो. त्या वर्षी ‘जॅकमनी’ बहरून येईल. ‘नेली मोझर’ आपला मुख्य बहर गमावून बसेल. आणि मोंटानाला त्या वसंतात एकही फूल येणार नाही, कारण ज्या फांद्यांत कळ्या दडलेल्या होत्या त्याच कचऱ्यात गेल्या. वेल मेली नाही. हिरवीगार आहे. वरवर पाहणाऱ्याला तिच्यावर काही अन्याय झाला असे दिसणारही नाही. समान नियमाने होणाऱ्या अन्यायाचे हेच विशेष आहे: त्याची जखम दिसत नाही, फक्त जे यायला हवे होते ते येत नाही.

याच्या उलट दुसरा माळी कल्पावा. हा दयाळू आहे. सजीवाला कापणे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो कोणालाच छाटत नाही. त्याची मोंटाना सुखात राहील. पण ‘जॅकमनी’ दोन-चार वर्षांत खालून उघडी-बोडकी, नुसत्या काड्यांची होईल आणि तिची फुले नजरेच्या वर, भिंतीच्या माथ्यावर कोठेतरी येतील. म्हणजे सरसकट कठोरता जशी अन्याय करते तशीच सरसकट दयाही. दोघांच्या हातून घडलेल्या चुकीचे मूळ एकच आहे. समोरच्याचे फूल कोठे येते, हे दोघांनीही विचारलेले नाही.

माझी हयात शासकीय सेवेत, महसुलाच्या कामात गेली. त्या अनुभवातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. पूर्ण पिकाला सोळा आणे धरून प्रत्यक्षात किती आणे पीक आले हे ठरविण्याची आणेवारीची पद्धत जुनी आहे, आणि सवलत द्यावी की नाही हे पुष्कळदा गावाच्या सरासरीवरून ठरत आले. आमच्या माळव्यात एकाच गावाच्या खालच्या अंगाला ओल धरून ठेवणारी खोल काळी जमीन असते आणि वरच्या टेकडीला खडकावर वीतभर मातीची बरड. पावसाने ओढ दिली की काळी जमीन कसेबसे पीक पदरात टाकते, बरड मात्र करपून जाते. सरासरी काढली की गाव तरलेले दिसते; टेकडीवरचा शेतकरी त्या सरासरीत बुडालेला असतो. त्याला कोणी फसविलेले नसते, लाच कोणी मागितलेली नसते, नियम अक्षरशः पाळलेला असतो. तरीही तो कचेरीच्या पायऱ्या उतरताना आपल्यावर अन्याय झाला असे म्हणतो, आणि ते खोटे नसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग नियमच नकोत, प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या गुणावर पाहावे. हे ऐकायला गोड वाटते. परंतु ज्याने कचेरीत आयुष्य काढले आहे त्याला ‘खास बाब म्हणून’ या तीन शब्दांचा इतिहास ठाऊक असतो. फाइलीवर हे शब्द उमटले की त्यामागे बहुधा कोणाचा तरी भाचा, कोणाची तरी चिठ्ठी किंवा वरून आलेला दूरध्वनी असतो. ज्याला ओळख नाही त्या माणसाच्या हाती नियम हीच एकमेव ढाल असते. नियम मोडून न्याय करण्याची मुभा दिली की तिचा पहिला लाभ टेकडीवरच्या शेतकऱ्याला होत नाही. ज्याची ऊठबस मोठ्यांत आहे त्याला होतो. म्हणून समान नियमाची मागणी ही केवळ आळशी मनाची मागणी नव्हे. ती दुर्बलांनी मोठ्या कष्टाने मिळविलेली गोष्ट आहे, आणि तिचा उपहास करणे योग्य होणार नाही.

मग मार्ग कोणता? वेलींचे ते तीन वर्ग मला येथे उपयोगी पडतात. इंग्लंडमधला बागाईतदार ‘नेली मोझर’ला हलक्या हाताने छाटतो ते ती त्याची लाडकी आहे म्हणून नव्हे. वर्ग ठरतो तो फूल जुन्या फांदीवर येते की नव्या, यावरून. हा फरक वेलीच्या अंगचा आहे, माळ्याच्या मनातला नाही. तो कोणालाही पडताळून पाहता येतो. तो आधीपासून जाहीर असतो. आणि ज्या हेतूने छाटणी करायची, म्हणजे फुले यावीत, त्या हेतूशी त्याचा थेट संबंध असतो. फुलांच्या रंगावरून कोणी छाटणीचे वर्ग पाडले, पांढरीला एक नियम आणि जांभळीला दुसरा, तर तेही वर्गीकरणच. पण ते हास्यास्पद ठरेल, कारण रंगाचा आणि कात्रीचा काही संबंध नाही.

आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे समानतेची हमी दिली. तिचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या अन्वर अली सरकार खटल्यात जी कसोटी मांडली ती याच वळणाची आहे. भेद करायचा तर तो स्पष्टपणे ओळखता येईल अशा फरकावर आधारलेला हवा, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी सयुक्तिक संबंध हवा. त्याही पूर्वी, कितीतरी शतके आधी, अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले की कायदा सर्वसाधारण भाषेत बोलतो म्हणूनच काही ठिकाणी तो अपुरा पडतो. त्याने दृष्टान्त दिला तो लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती पट्टी दगडासाठी वाकते, गवंड्याच्या मर्जीसाठी वाकत नाही. न्यायातली लवचिकता आणि मर्जीतली लवचिकता यांत एवढाच फरक आहे, आणि एवढा फरक पुरेसा आहे.

जे शिक्षेचे तेच मदतीचे. डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात क्लेमॅटिस ही पानांच्या देठांनी आधाराला विळखा घालून चढते, हे त्याने बारकाईने नोंदविले. देठ तो केवढा! त्याला तार, काडी, बारीक फांदी हवी. मधुमालतीला सहज चढता येईल असा जाड खांब तिला दिला तर तिची पकडच बसत नाही. खांब भक्कम होता, सर्वांना दिला तसाच दिला होता, असे देणाऱ्याला समाधान वाटेल. वेल मात्र खाली लोळत राहील. योजना उदार असूनही ज्यांच्यासाठी केली त्यांच्या हाती लागत नाही, याचे कारण पुष्कळदा असा हा खांब असतो.

प्रश्नाची एक बाजू अजून उरते. वेलीचा वर्गच माहीत नसेल तर काय करावे? नवे घर घेतले, मागच्या मालकाने लावलेली वेल भिंतीवर आहे, नावाची पट्टी हरवली आहे. अशा वेळी जाणकार सांगतात की एक वर्ष कात्री बाजूला ठेवा आणि ती केव्हा फुलते ते पाहा. मला हा सल्ला नीतिदृष्ट्या फार मोलाचा वाटतो. या वेलींना मर नावाचा रोगही होतो. चांगली वाढलेली वेल एकाएकी माना टाकते, काळी पडते. रोप मुळात चार बोटे खोल लावलेले असेल तर रोगट भाग कापून टाकल्यावर जमिनीखालच्या डोळ्यांतून ते पुष्कळदा पुन्हा फुटते. उपटून फेकणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ज्ञान अपुरे असेल तेथे परत फिरता येणार नाही असा निर्णय घेऊ नये, हा नियम मात्र सर्वांना सारखा लावावा असा आहे.

तथापि थांबणे हा सद्गुण सर्वत्र नसतो. युरोपातली व्हायटाल्बा ही क्लेमॅटिस न्यूझीलंडमध्ये बागेची शोभा म्हणून नेली गेली. तेथे ती रानात शिरली आणि उंच वृक्षांवर चढून त्यांचा उजेडच तिने हिरावून घेतला. आज तेथे तिचे निर्मूलन करावे लागते, आणि तिच्यावर दया करणे म्हणजे रानावर क्रौर्य करणे होय. पण त्याच रानात माओरी लोकांना वसंताची खूण म्हणून प्रिय असलेली पुआवानंगा ही पांढऱ्या फुलांची देशी क्लेमॅटिसही राहते. परकीच्या पानाला सहसा पाच दले, देशीच्या पानाला तीन. तेव्हा निर्मूलनाला निघालेल्या माणसालाही कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पान हातात घेऊन दले मोजावी लागतात. अत्यंत कठोर कृतीलाही विवेकापासून सुटका नाही.

हे सारे ओळखून बागाईतदार आरंभीच निवड करतो. दोन वेली एकमेकींत गुंतवायच्या असतील तर तो एकाच वर्गातल्या घेतो, म्हणजे पुढे एकीला छाटताना दुसरी नाहक कापली जाऊ नये. कडक उन्हात जिचा रंग विटतो त्या ‘नेली मोझर’ला तो थोडी सावलीची भिंत देतो. आमच्या माळव्याच्या वैशाखात या थंड देशातल्या संकरांचा हट्ट धरण्यापेक्षा मधुमालती लावावी, हेही त्याच शहाणपणात बसते. अन्यायाचे निवारण करण्यापेक्षा तो उद्भवणार नाही अशी मांडणी करणे केव्हाही चांगले.

निवृत्तीनंतर हातातली लेखणी सुटते, पण कात्री सुटत नाही. घरात नातवंडे असतात, सुना असतात, वर्षानुवर्षे काम करणारी माणसे असतात. ‘मला सगळे सारखेच’ हे वाक्य आपण त्यांच्याबाबत मोठ्या अभिमानाने उच्चारतो. कोणाची कळी गेल्या वर्षीच्या फांदीवर आहे आणि कोणाची अजून फुटायच्या फांदीवर, याची चौकशी त्या वाक्यात नसते. टेकडीवरचा शेतकरी निदान अर्ज तरी घेऊन येत असे. वेल अर्ज करीत नाही, लहान मूलही करीत नाही. ज्याला अपील करता येत नाही त्याच्या बाबतीत चौकशीची सारी जबाबदारी कात्री धरणाऱ्यावर येते, आणि ती कात्री लावण्यापूर्वी पार पाडायची असते.