ताण

सकाळचं ऊन गच्चीवर आलं की कुंडीशेजारी मांडी घालून बसा. समोर मुठीएवढा मॅमिलॅरिया निवडुंग आहे, अजून फुललेला नाही. त्याला काही करायचं नाही, नुसतं बघायचं. अंगभर बारीक उंचवटे, प्रत्येकाच्या टोकाला काट्यांचा झुपका. एका उंचवट्यावरून शेजारच्यावर जा, तिथून पुढच्यावर. नजर आपोआप वळसा घेत वर चढते.

श्वास सावकाश सोडा. त्यानं मात्र आत्ता आपली रंध्रं मिटून घेतली आहेत. रात्री गारवा पडला की ती उघडतात, कर्बवायू आत घेतात, तो आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात त्याची साखर होते. दिवसा दार बंद, म्हणून पाणी वाचतं.

आता मनात येईल, थोडं पाणी घालावं का? देवळाली प्रवराच्या माणसाच्या तर येणारच. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि पाण्याचं आवर्तन सुटलं की जीव भांड्यात पडायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली. तो विचार हाकलू नका, त्याचं लगेच ऐकूही नका. कुंडीच्या कडेनं बोट मातीत घाला. ओल लागली? मग आज पाणी नाही.

माती कसली आहे तेही बघा. आपली काळी जमीन उसाला छान, पण कुंडीत ती ओल धरून बसते आणि मुळं कुजतात. निम्मी जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडं जुनं शेणखत, तळाला भोक, एवढं बास.

डाळिंबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बहर धरायचा तर बागेचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो. यालाही नोव्हेंबर ते जानेवारी असाच ताण हवा: भरपूर ऊन, गार रात्री, माती जवळजवळ कोरडी. तो थोडा आकसेल. आकसू द्या. इथे जरा जास्त वेळ थांबा. हात पाण्याकडे जातोय का? त्याला तहान लागली म्हणून, की आपल्याला बघवत नाही म्हणून?

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास माथ्याभोवती गुलाबी फुलांचं कडं येतं. फुलं येतात ती गेल्या हंगामात वाढलेल्या उंचवट्यांच्या बेचक्यांत. म्हणजे आजचं फूल गेल्या वर्षीच्या निगेचं.

मे महिन्यात दुपारी जाळीची सावली धरा, जूनपासून कुंडी पावसाच्या आडोशाला ठेवा. कुंडीतले निवडुंग उन्हानं क्वचित मरतात. बहुतेक पाण्यानंच जातात.