उद्याचे पैसे

अंधेरीहून कुर्ल्याला आगगाडी जायची, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही. पण जायची. ट्रॉम्बे–कुर्ला–अंधेरी अशी तेराएक किलोमीटरची ही साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे 1928 साली सुरू झाली. त्याच साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावली. ती टिकली, वाढली. आमची मात्र 1934मध्ये बंद पडली. सहा वर्षांचं आयुष्य.

माझी आजी मरोळची. मरोळ तेव्हा खेडंच. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती अंधेरीपर्यंत चालत यायची आणि गाडीनं कुर्ल्याच्या बाजाराला जायची. एकदा कनवटीला पैसेच नव्हते. तिकीटबाबूनं तिच्याकडं पाहिलं, तिकीट दिलं नि म्हणाला, "जा बाई, उद्या दे." ते पैसे त्यानं पदरचे भरले असणार. दुसऱ्या दिवशी आजी तापानं पडली. महिन्यानं उठली, तोवर गाडी बंद झालेली. बाबू कुठला, गेला कुठं, काहीच ठाऊक नाही.

हे देणं आजीनं जन्मभर मनात बाळगलं. वडील वैतागायचे. "आता सगळी रेल्वे सरकारची. एक तिकीट काढ नि फाडून टाक. फिटलं."

आजी म्हणायची, "रेल्वेचं काय देणं लागते मी? तिचे पैसे तर बाबूनंच भरले. त्याचं कसं फेडू?"

मग ती बाजारात अडलेल्या बाईला भाजी द्यायची, "उद्या दे" म्हणायची. काही जणी देत, काही पुन्हा दिसत नसत. वडिलांना मी एकदाच यावर चिडलेलं पाहिलं. म्हणाले, "बाबूनं स्वतःच्या खिशातून दिले. तू आमच्या ताटातलं देत होतीस. माझं पुस्तक राहिलं त्या वर्षी." आजी काही बोलली नाही. पुढं उधारी थांबली नाही, पण जुडी लहान झाली.

कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. देणं एकाचं आणि फेडायचं दुसऱ्याला, हे मनाला पटतं. पण फेडताना झीज कुणाला लागते, तेही पाहायला नको का? पुण्य एकाचं आणि उपास दुसऱ्याला, असं झालं तर त्याला फेड म्हणायचं का?

2014च्या जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. बरोबर ऐंशी वर्षांनी अंधेरीतून पूर्वेकडं पुन्हा गाडी निघाली. पहिल्याच आठवड्यात मी मरोळ नाक्याला उतरलो. तिकीट खिडकीशी एक पोरगा खिसे चाचपत होता, दहा रुपये कमी पडत होते. मी दिले. तो म्हणाला, "काका, परत कुठं देऊ?"

तोंडात आलं होतं, "उद्या दे." पण वडील आठवले. म्हटलं, "राहू दे. घरी कुणाचं राहिलं असेल, तर त्याला दे."