सल आणि डाग

कोकणातील जुन्या घरात लाकडी जमीन बहुधा पायाखाली नसते, डोक्यावर असते. खाली शेणाने सारवलेली भुई गेली, कोबा आला, कोबा गेला, लाद्या आल्या. माळ्यावर तुळयांना ठोकलेल्या सागवानी फळ्या मात्र आजोबांच्या वेळच्याच. संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या देवरूख येथे आमच्या परिचयाचे एक ख्रिस्ती कुटुंब अशाच घरात राहते. मुलीचे लग्न ठरले, पाहुण्यांची सोय माळ्यावर करायची, म्हणून फळ्या घासून त्यांना पॉलिश करण्याचे काम निघाले. त्या कामाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. कुटुंबाच्या संमतीने तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लाकूड घासणे वाटते तितके सोपे नाही. वर आलेले खिळे आधी ठोकून आत बसवावे लागतात. मग जाड दाण्याचा ६० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ८०, शेवटी १२०. घासायचे तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात फिरला की ओरखडे उमटतात. मधला नंबर गाळून जो घाईने पुढे जातो, त्याला त्या वेळी काहीच कळत नाही. जाड कागदाचे ओरखडे भुशात लपून राहतात आणि पॉलिशचा पहिला हात बसताच उठून दिसतात. चकाकी दोष झाकीत नाही, उघडा करते. आणखी एक गोष्ट : प्रत्येक घासणीत फळी थोडी झिजते, आणि ती झीज कधीच भरून येत नाही.

या माळ्याच्या कोपऱ्यात हातभर लांबीचा काळा डाग होता. घरातला धाकटा भाऊ वीस वर्षांपूर्वी भांडून मुंबईस निघून गेला, त्याची लोखंडी ट्रंक तेथेच राहिली. फुटक्या कौलातून तिच्यावर पावसाळ्यामागून पावसाळे पाणी गळत राहिले. सागात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. लोखंड आणि पाणी यांच्याशी त्याचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो आणि लाकडात खोल मुरतो. भांडणाचे कारण गावाला ठाऊक होते. वडील वारल्यावर काजूच्या बागेच्या सातबाऱ्यावर थोरल्याने एकट्याचेच नाव चढवून घेतले होते.

"तो लग्नाला येणार आहे. त्याआधी हा डाग गेला पाहिजे," असे थोरल्याने सुतारास बजावले. सुतार नाकातोंडास फडके बांधून दोन दिवस घासत होता. ऑक्झॅलिक आम्लाने पुसून पाहिले; डाग फिका झाला, गेला नाही. आम्ही भेटीस गेलो तेव्हा तो थांबला व म्हणाला, "फादर, तुम्हीच सांगा यांना. अजून घासलं तर डाग जाईल, पण फळी राहायची नाही." मग त्याने फळीवरून तळहात फिरवला, एका जागी बोट अडले तेवढे हलकेच घासले आणि म्हणाला, "आता कुठे कूस राहिली नाही. पाय सलणार नाही."

पायात रुतलेल्या लाकडाच्या कुसेला आणि मनात रुतलेल्या दुःखाला मराठीत शब्द एकच : सल. सुताराने नकळत सल आणि डाग यांत भेद केला होता. सल काढलाच पाहिजे. डाग काढलाच पाहिजे असे नाही.

'क्षमा करा आणि विसरून जा', असे आम्ही प्रवचनांतून किती वेळा सांगितले असेल! त्या दिवशी त्या उपदेशाचा आम्हांला संकोच वाटला. विसरण्याची घाई बहुधा कोणाला असते? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नव्हे, ज्याने केला त्याला. थोरल्याला नको होती ती डागाची आठवण. तिला तो पश्चात्ताप समजत होता.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून कठोर आहे आणि याहून कोमलही आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराविषयी शिकवताना स्पष्ट केले की, पापाचा दोष माफ झाला म्हणजे त्यामागची सारी शिक्षाही नेहमीच माफ होते असे नाही. म्हणून पश्चात्तापी माणसाने भरपाईही करावयाची असते. जक्कयाने प्रभूचे आपल्या घरी स्वागत केले ते केवळ अश्रूंनी नव्हे. कोणाचे काही लुबाडले असल्यास चौपट परत करण्याची तयारी त्याने दाखवली. कोमलता कोठे आहे? पुनरुत्थित प्रभूच्या देहात. मृत्यूवर विजय मिळवलेल्या त्या देहावरील खिळ्यांचे व्रण पित्याने पुसून टाकले नाहीत. संत थोमाने प्रभूला ओळखले ते त्या व्रणांवरून. व्रण होते, पण त्यांत कोणाविषयी सल नव्हता. आपल्याला सोडून पळालेल्या शिष्यांना ते दाखवताना प्रभूच्या तोंडी शांतीचे अभिवादन होते.

याचा अर्थ असा नव्हे की, दुखावलेल्याने तो डाग येणाऱ्याजाणाऱ्यास जन्मभर दाखवीत बसावे. तसे करणारा डाग जपत नाही, कूस जपतो. आणि ती प्रथम त्याच्याच पायात शिरते. मात्र ती काढण्याचा मार्ग अन्याय करणाऱ्याने आधी मोकळा करावा, हे न्यायाला धरून आहे.

थोरल्याने शेवटी विचारले, "मग तिथे सतरंजी तरी अंथरू का?" आम्ही म्हटले, "अंथरू नका. आणि लग्नाआधी एकदा तलाठ्याकडे जाऊन या." तो चार दिवस आमच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने भावाच्या वारस नोंदीचा अर्ज दिला.

धाकटा लग्नास आला. माळ्यावर चढला, उकिडवा बसला आणि डागावर हात ठेवून त्याने विचारले, "माझी ट्रंक कुठे आहे?" "खाली ठेवली आहे. तळ गंजला," थोरला म्हणाला. एवढेच बोलणे झाले. दोघांत पूर्वीचा जिव्हाळा परत आला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या रात्री धाकट्याने आपले अंथरूण त्याच कोपऱ्यात घातले.

आपणा सर्वांच्या घरांत असा एखादा कोपरा असतो. तेथे फळी फुटेपर्यंत घासू नये, आणि सतरंजीही अंथरू नये. आधी ज्याचे त्याला द्यावे. मग तळहात फिरवून पाहावा, कोठे काही सलते का.