मोजणाऱ्याचे देणे

कालव्याच्या चारीला लागून उसाकडे जाणारी एक अरुंद वाट आहे. तेथील बाभळीच्या बुंध्याला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एक मातकट रंगाची डबी पट्ट्याने बांधलेली आम्हांस दिसली. कुणा मजुराची शिदोरी असावी, असे क्षणभर वाटले. सोबतचा शेतकरी म्हणाला, "फादर, समोरून नका जाऊ, फोटो निघंल." आम्ही मुकाट्याने वळसा घालून पुढे गेलो. घरी परतल्यावर मात्र स्वतःचेच नवल वाटले. धर्मगुरूने भर दुपारी शेतातून जाण्यात लपविण्याजोगे ते काय? तरीही पाय आपोआप वळले होते. पाहणारा आपणांस दिसत नाही आणि आपण मात्र त्याला दिसतो, एवढी जाणीवही माणसाला वाट बदलायला लावते.

या डबीला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा, पण यात अडकते ती केवळ प्रतिमा. उबदार देहाचा प्राणी समोरून हलला की उष्णतेतील फरक यंत्राला कळतो आणि छायाचित्र निघते. कल्पना जुनीच आहे. चँपियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेच्या जंगलात वाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांची छायाचित्रे काढवून घेतली होती, आणि तीही बंदुकीचा शौक हीच प्रतिष्ठा मानली जात असलेल्या काळात. आज या यंत्राचा मुख्य उपयोग मोजणीसाठी होतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. डाव्या कुशीची उजवीशी जुळत नाही, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. कोणता प्राणी किती वेळा पुन्हा आला, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज गणिताने बांधता येतो.

या गणिताने सर्वांत मोठा धक्का दिला तो आमच्याच जिल्ह्यातून. अकोले तालुक्यातील बागायती खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशी ही भूमी. जंगल नाही, हरणे नाहीत. तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे असल्याचे दिसून आले. त्याच छायाचित्रांत कोल्हा, खोकड, रानमांजर आणि इवलीशी वाघाटीही होती. पुढील अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे अन्न तपासले, तेव्हा त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला.

शहरातील विद्वानांना याचे आश्चर्य वाटले. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या माणसाला ते वाटले नसावे. बॅटरीच्या झोतात चमकलेले डोळे त्याने अनेकदा पाहिलेले असतात. त्याची साक्ष कुणी लिहून घेतली नव्हती, यंत्राची घेतली, एवढाच फरक.

साक्ष न घेता कृती केल्यास काय होते, हे शेजारच्या जुन्नरने भोगले आहे. तेथे २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा चालला. पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. "बिबट्या" नावाचा एकच गुन्हेगार मानून जो पिंजऱ्यात सापडेल त्याला उचलले गेले. त्यांतला कोणता वर्षानुवर्षे निमूटपणे कुत्री खाऊन जगत होता, हे पाहिले कुणी?

येथे आम्हांस सेमिनरीतील एक जुना वाद आठवतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, दावीद राजा प्रजेची शिरगणती करवितो. नऊ महिने आणि वीस दिवस ती चालते, आणि पूर्ण होताच त्याचे मन त्याला खाऊ लागते. मोजण्यात पाप ते कोणते, यावर आम्ही विद्यार्थी तावातावाने भांडत असू. आमचे आजचे मत असे की, राजाने माणसे मोजलीच नाहीत, तलवारी मोजल्या. यादीत विधवा नव्हती, पोर नव्हते. ज्याला मोजायचे त्याचे आपण काही देणे लागतो, ही भावना त्या गणतीत कोठेच नव्हती.

ही भावना नसली की काय घडते, याचे उदाहरण कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातले आहे. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तेथे १४ महिने राहून सुमारे २७० लोकांशी बोलून लिहिलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. वाघांसाठी बांधलेल्या एका कॅमेऱ्यात २०१७ मध्ये शौचास गेलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र निघाले, आणि तरुण वनमजुरांनी ते भ्रमणध्वनीवरून गावभर पसरविले. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. त्याहून आमच्या मनाला लागली ती दुसरी नोंद. सरपण वेचताना तेथील बायका मोठ्याने गाणी म्हणत, वन्य प्राण्यांशी गाठ टळावी म्हणून. कॅमेरे आल्यावर त्या संकोचाने हळू बोलू लागल्या, गाणी थांबली. वाघांना वाचविणाऱ्या यंत्राने वाघापासून वाचविणारे गाणे बंद केले.

आमच्या कोपरगावची गोष्ट यापासून दूर नाही. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. शौचालय नाही, दिवा नाही. पहाटेच्या अंधारात बाया ज्या वाटेने जातात तीच बिबट्याची वाट, आणि म्हणून तीच कॅमेऱ्याचीही. त्यांना कुणी विचारले का? डबी बांधणाऱ्याने आधी कोप्यांवर जाऊन सांगावे, माणसांची छायाचित्रे त्याच दिवशी पुसावीत, असे आम्हांस ठामपणे वाटत होते. एका कोपीपुढे बसून आम्ही ते बोलूनही दाखविले.

तो २०२५ चा नोव्हेंबर होता. आमच्या तालुक्यात बिबट्याने नुकतेच माणसांचे बळी घेतले होते आणि लोक रस्त्यावर उतरले होते. दोन लेकरांची आई असलेली एक तोडणीवाली आमचे बोलणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझा फोटो निघू द्या बाबा. पण तो कुठं हाय, ते मला आदल्या रातीला सांगा."

आम्ही निरुत्तर झालो. लाजेपेक्षा लेकरू मोठे, एवढेच तिचे म्हणणे असते, तर त्यावर काही बोलता आले असते. परंतु ती व्यवहाराची अट घालीत होती. तुम्ही मला पाहणार, तर जे पाहाल त्यातले माझ्या उपयोगाचे ते मला द्या. बहुतेक डब्यांतील छायाचित्रे आतल्या कार्डावर साठतात आणि कुणी काढून नेल्यावरच पाहिली जातात. काही नव्या यंत्रांतून ती तत्काळ भ्रमणध्वनीवर येतात, पण कुणाच्या? तिच्या मुकादमाच्या तरी येतात का? हल्ला कोणत्या जनावराने केला हे ठिपक्यांवरून ओळखता आले, तर निरपराध बिबट्याला गोळी लागत नाही. हा लाभ आम्ही लहान मानीत नाही. पण तो बिबट्याचा आहे आणि आमच्या सद्सद्विवेकाचा आहे. कोपीतल्या बाईच्या पदरी त्या रात्री त्यातले काही पडत नाही.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. ऊस तोडला गेला होता आणि कोप्यांच्या जागी फक्त चुलींचे काळे दगड उरले होते. डबीही नव्हती. बाभळीच्या सालीवर पट्ट्याचा वळ दिसत होता. तोच शेतकरी सोबत होता. त्याने त्या वळावरून बोट फिरविले आणि आम्हांस विचारले, "फादर, त्यात निघालं काय शेवटी? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."