आज्ञा बदलली, पण कुणासाठी?

विधिवाक्य, म्हणजे आज्ञा देणारं वाक्य, माणसाला कर्माकडे कसं नेतं, याचा विचार करताना मीमांसक कुमारिल भट्टांनी दोन व्यापार वेगळे केले. शब्दाने कर्त्याला प्रवृत्त करणं ही शाब्दी भावना. त्या कर्त्याने फळासाठी केलेला प्रयत्न ही आर्थी भावना. पहिली घडल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. मग आज्ञा बदलली आणि कर्त्यापाशी जुनीच राहिली, तर दोष कुणाचा?

मोबाइलमध्ये हा प्रश्न रोज उभा राहतो. ब्राउझर जावास्क्रिप्टपासून चालता चालता नव्या यंत्र-आज्ञा तयार करतो. त्या लिहिल्या जातात डेटा कॅश या प्रोसेसरजवळच्या तात्पुरत्या साठ्यात. प्रोसेसर मात्र आज्ञा उचलतो इन्स्ट्रक्शन कॅश या वेगळ्या साठ्यातून. इंटेलच्या संगणकी प्रोसेसरांत हा मेळ यंत्रच राखतं. बहुतेक फोनांतल्या एआरएम प्रोसेसरांवर ती जबाबदारी सहसा आज्ञा लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. नवा मजकूर डेटा कॅशमधून पुढे पोचवायचा, इन्स्ट्रक्शन कॅशमधली जुनी प्रत रद्द करायची, दोन्ही कामं पुरी होईपर्यंत थांबायचं. रद्द केल्याचा निरोप प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या भागांना, एकदम धाडता येतो. आधीच उचललेल्या आज्ञा टाकून देणं मात्र ज्या त्या कोअरलाच करावं लागतं. एवढं झालं नाही, तर जुनी आज्ञा चालू शकते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने कायद्यातली जुनी आज्ञा अशीच चालू राहण्याची झळ सोसली. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडांत धरलं होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी जुन्या व्याख्येवर बोट ठेवून बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वन विभाग देईना.

२१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: बांबू गौण वनोपजच मानावा. २७ एप्रिलला ते मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

प्रोसेसरला शंका विचारता येत नाही. वन अधिकाऱ्याला नवा कायदा वाचता येतो. म्हणून दोषाचा वाटा त्याच्याकडेही येतो. पण मोठा वाटा आज्ञा बदलणाऱ्याचा. राजपत्रात छापलं की कर्तव्य संपलं, असं शासनाला म्हणता येणार नाही. शेवटच्या कचेरीतली जुनी व्याख्या खोडली जाईपर्यंत कायदा करण्याचं काम अपुरंच असतं. आणि ते गावोगाव वेगळं करावं लागतं: चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाला २०१२मध्ये, आणि त्यानंतर तिथल्या ग्रामसभेने बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली.