हरणाचं पाडस आणि बुलबुलाचं पिल्लू



आजचं वाचन श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातलं, राजा भरताची कथा. राज्य सोडून गंडकीकाठी साधना करणाऱ्या भरताला प्रवाहात वाहून चाललेलं हरणाचं पाडस दिसतं. आई मेलेली. तो त्याला वाचवतो, वाढवतो आणि त्यातच गुंततो. पूजा सुटते. अंतकाळी मनात पाडसच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा!

लहानपणी मला या कथेचा राग यायचा. जीव वाचवला, त्याची ही शिक्षा?

उत्तर यंदाच्या उन्हाळ्यात मिळालं. सोसायटीतल्या झाडाच्या फांद्या छाटल्या आणि बुलबुलाचं घरटं खाली आलं. एकच पिल्लू जिवंत होतं, पिसंही धड फुटली नव्हती. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे. म्हणून आधी त्याला छोट्या टोपलीत ठेवून शेजारच्या फांदीला बांधलं. संध्याकाळपर्यंत आई-बाप फिरकले नाहीत. मग पक्षी वाचवणाऱ्या एका ताईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, "ऊब दे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नकोस, श्वासनलिकेत जाईल. आणि हो, नाव ठेवू नकोस."

उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवणं. मीटिंग म्यूट करून भरवलं. माझा जप राहिला, पण त्याची वेळ चुकली नाही. आणि नावही ठेवलं, सोनू.

पंख भरले, ते स्वतः किडे टिपू लागलं. ताई म्हणाल्या, "आता सोड. माणसाला सोकावलं तर बाहेर टिकणार नाही." शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी घरी पाळताही येत नाही. मी मात्र रोज म्हणायचे, "अजून दोन दिवस. अशक्त वाटतंय."

एका रात्री भरताची कथा पुन्हा उघडली. पाडस चरायला लांब गेलं, तरी त्याचा जीव कासावीस होतो. तिथेच थांबले. सोनू अशक्त नव्हतं. ते दोन दिवस मलाच हवे होते.

भरताची दया चुकली नव्हती. पाडस आपल्या पायांवर उभं राहिलं, जंगल समोरच होतं, तरी "माझं" सुटलं नाही, तिथे तो अडकला. पण भगवंताने त्याला टाकलं नाही हं! हरणाच्या जन्मातही मागची आठवण राहिली आणि पुढच्या जन्मी तोच जडभरत झाला.

रविवारी सकाळी बाल्कनीची कबुतरांची जाळी एका कोपऱ्यात सोडली. ते फांदीवर बसलं, मग उडालं. मागे वळून पाहिलं नाही. मी रडले. आता समोर बुलबुल येतात, त्यातलं सोनू कोणतं ते कळत नाही.

आज जपाला बसताना एकच प्रश्न स्वतःला विचारूया: ज्याची मी काळजी घेते, त्याला माझी गरज अजून आहे, की मलाच ती गरज हवी आहे?

श्रीकृष्णार्पणमस्तु.